हाडांची सलाईन : लावण्याआधी आणि लावल्यानंतर

महिला मंडळाच्या बैठकीत, विहारात वंदना संपल्यावर, कधी रेशनच्या रांगेतसुद्धा आम्हाला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. डॉक्टरांनी सासूबाईंना वर्षातून एकदा घ्यायची हाडांची सलाईन लिहून दिली आहे. पण शेजारच्या गल्लीत एकीला ती लावल्यावर तीन दिवस सणकून ताप आला, अंग ठेचून निघाले. मग आमच्या घरी लावावी की नाही? काही जणी तर पहिली सलाईन घेऊन दुसऱ्या वर्षी गेल्याच नाहीत. ताप आला म्हणजे औषध अंगावर उलटले, असे त्यांनी धरून घेतले.

म्हणून या वेळचे आरोग्य पान या सलाईनला दिले आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. तापाची भीती सगळ्यात जास्त घेतली जाते आणि त्याचा धोका सगळ्यात कमी असतो. खरा धोका आहे तो मूत्रपिंडाचा आणि रक्तातल्या कॅल्शियमचा. तिकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि तो आधीच्या साध्या तपासण्यांनी टळू शकतो.

पहिल्यांदा नावाचा घोळ मिटवू. वस्तीत सलाईन म्हटले की गल्लीतल्या दवाखान्यातली ताकदीची बाटली डोळ्यांपुढे येते. ती म्हणजे बहुतेक वेळा मिठाचे किंवा साखरेचे पाणी आणि त्यात एखादे जीवनसत्त्व. त्या बाटलीचा हाडांशी काही संबंध नाही. हाडांचे इंजेक्शन म्हणून दंडात किंवा कमरेत टोचतात ते बहुधा ड जीवनसत्त्वाचे असते, तेही वेगळे. आपण बोलतो आहोत त्या औषधाचे नाव झोलेड्रॉनिक ॲसिड. हाडे ठिसूळ झाल्यावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमध्ये, त्याची मात्रा ५ मिलिग्रॅम असते. १०० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीतून, शिरेतून, वर्षातून एकदा. बाटली संपायला किमान १५ मिनिटे लागलीच पाहिजेत. गर्दी आहे, नर्सबाईंना घाई आहे म्हणून पाच-सात मिनिटांत बाटली रिकामी केली तर मूत्रपिंडावर एकदम भार येतो. अर्धा तास लागला तरी काही बिघडत नाही. सोबत गेलेल्या मुलीने किंवा सुनेने घड्याळ बघावे आणि संकोच न करता बोलावे.

हे औषध करते काय? आपले हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. त्यात जुने कुरतडणाऱ्या पेशी असतात आणि नवे भरणाऱ्या पेशी असतात. पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन घटते आणि कुरतडणाऱ्या पेशींचे काम वाढते. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडाला चिकटून बसते आणि त्या पेशींना आवर घालते. ते हाडात दीर्घकाळ राहते, म्हणून वर्षातून एकच मात्रा पुरते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाळी गेलेल्या ७,७६५ स्त्रियांना तीन वर्षे पाहिले. औषध मिळालेल्या स्त्रियांमध्ये मणका दबण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झाले. खुबा मोडून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरचा दुसरा अभ्यासही त्याच वर्षी आला. त्यात या औषधाने पुन्हा हाड मोडणे घटलेच, मृत्यूही २८ टक्क्यांनी कमी झाले.

हा शेवटचा आकडा आपल्या वस्तीसाठी फार मोलाचा आहे. आपल्याकडे खुबा मोडतो, उधार-उसनवार करून शस्त्रक्रिया होते, टाके निघतात आणि कागद पत्र्याच्या पेटीत जातात. मुळात हाड मोडले का, ते पुन्हा मोडू नये म्हणून काय करायचे, हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. मोरीत पाय घसरला, एवढ्यावर विषय संपतो. पण उभ्या उंचीवरून पडून साठीतल्या बाईचा खुबा मोडला, तर दोष एकट्या मोरीचा नसतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी, त्या अभ्यासात तीन महिन्यांच्या आत, ही सलाईन देता येते. घरात असे कोणी असेल तर पुढच्या फेरीला डॉक्टरांना थेट विचारा.

ताप येतो तो का

पहिल्या सलाईननंतर दर तिघींपैकी साधारण एकीला ताप, अंगदुखी, डोकेदुखी, थंडी वाजणे, मळमळ यातले काहीतरी होते. बहुधा दुसऱ्या दिवसापासून, तीन दिवसांच्या आत. औषध रक्तात गेले की शरीराच्या रक्षक पेशींचा एक गट खवळतो आणि ताप आणणारी रसायने सोडतो. जंतुसंसर्ग झालेला नसतो. औषध उलटलेलेही नसते. तीन-चार दिवसांत बहुतेकींना बरे वाटते. काहींचे अंग आठवडाभर दुखत राहते. आता महत्त्वाचे सांगतो. वर सांगितलेल्या त्याच अभ्यासात पहिल्या वर्षी अशी तक्रार सुमारे ३२ टक्के स्त्रियांना होती, दुसऱ्या वर्षी ७ टक्क्यांना आणि तिसऱ्या वर्षी ३ टक्क्यांना. म्हणजे जी बाई पहिल्या तापाला घाबरून सोडून देते, तिने त्रासाचा मोठा वाटा भोगून झालेला असतो आणि संरक्षणाचा मोठा वाटा ती हातचा घालवते.

तापावर साधी पॅरासिटामॉल चालते. सलाईनच्या दिवसापासूनच दोन-तीन दिवस ती किती वेळा घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आधीपासून घेतली तर त्रास बराच कमी होतो. यकृताचा आजार असेल तर आधी सांगावे. मेडिकलवाल्याकडून अंगदुखीची डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मात्र आणू नये. या गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात, आणि या सलाईनचा भारही तिथेच पडतो. दोन्ही एकदम नकोत.

पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. वस्तीत डेंग्यू-मलेरिया चालू असताना सलाईन घेतली, तर ताप कशाचा हे घरच्यांना कळत नाही. तीन दिवसांनंतरही ताप उतरत नसेल, थरथरून थंडी भरत असेल, अंगावर लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त आले, तर तो सलाईनचा ताप म्हणून घरी बसू नये. रक्त तपासावे आणि सलाईन कोणत्या तारखेला घेतली हे तिथल्या डॉक्टरांना सांगावे. शक्य असेल तर पहिली सलाईन थंडीच्या दिवसांत घ्यावी, असे आमचे मत आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हाने अंगातले पाणी कमी झालेले असते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला निघायचे असेल तर त्याआधीच्या आठवड्यात घेऊ नये; त्या गर्दीत ताप अंगावर काढणे सोपे नाही. पौर्णिमेला अष्टशील धरणाऱ्या आजींनीही तो दिवस टाळावा. ही सलाईन उपाशीपोटी घ्यायची नसते. जेवून जायचे, जाण्याआधी दोन पेले पाणी प्यायचे आणि घरी आल्यावरही दिवसभर पाणी पीत राहायचे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर मात्र आधी विचारून घ्यावे.

रिपोर्ट नॉर्मल, तरी मूत्रपिंड थकलेले

या भागासाठी थोडा निवांत वेळ काढा, जवळ मोबाइल घ्या.

हे औषध लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर औषधाने त्याला इजा होऊ शकते. क्वचित मूत्रपिंड निकामी होऊन जीवही गेले आहेत. म्हणून रक्त गाळण्याचा वेग, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स, मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर ही सलाईन द्यायची नाही, असा नियम आहे. आपल्या रिपोर्टवर मात्र बहुतेक वेळा नुसते क्रिएटिनिन असते आणि समोर छापलेल्या मर्यादेत ते बसले की सगळे ठीक आहे असे आपण समजतो. कष्टाने झिजलेल्या, काटक म्हाताऱ्या बाईच्या बाबतीत हा आकडा फसवा असतो. तिच्या अंगात स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमीच तयार होते.

हिशेब असा करतात. १४० मधून वय वजा करायचे, उरलेल्या आकड्याला किलोमधल्या वजनाने गुणायचे. मग क्रिएटिनिनला ७२ ने गुणून, येणाऱ्या आकड्याने त्याला भागायचे. स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणायचे. आता ७५ वर्षांची, ४० किलो वजनाची आजी घ्या. क्रिएटिनिन १.०, म्हणजे रिपोर्टवर नॉर्मल. १४० वजा ७५ म्हणजे ६५; गुणिले ४० म्हणजे २,६००; भागिले ७२ म्हणजे सुमारे ३६; गुणिले ०.८५ म्हणजे जेमतेम ३१. या आजीला ही सलाईन द्यायची नाही. आणि ६५ वर्षांची, ५५ किलोची, क्रिएटिनिन ०.८ असलेली तिची धाकटी बहीण? तिचा आकडा ६१ येतो. तिच्या मूत्रपिंडाला अडचण नाही. दहावीतल्या नातवाला पाच मिनिटांचे काम आहे. आलेला आकडा डॉक्टरांपुढे ठेवा आणि निर्णय त्यांच्याशी बोलूनच करा. तपासणी ताजी हवी, आणि दर वर्षी सलाईनआधी नव्याने हवी. मधुमेह, ब्लडप्रेशर, रोजची वेदनाशामक गोळी, लघवीची गोळी यातले काही असेल तर आधी सांगायचे. जुलाब-उलट्या झालेल्या असतील तर तारीख पुढे ढकलायची.

दुसरी तपासणी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची. औषध हाडातून कॅल्शियम बाहेर पडणे रोखते. रक्तात आधीच ते कमी असेल तर सलाईननंतरच्या दिवसांत आणखी खाली जाते. ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, हाताची बोटे आखडतात. असे झाले तर थेट दवाखाना गाठावा. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, पहाटे अंधारात कामाला निघून दिवस मावळल्यावर परतणाऱ्या बाईच्या अंगावर ऊन पडतेच किती? म्हणून आधी कमतरता भरून काढायची, मग सलाईन. साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी सांगितली असेल तर ती आठवड्याची असते. रोजची समजून घेतल्याने विषबाधा होऊ शकते, त्यामुळे मेडिकलमधून पुडीवर वार लिहून घ्या.

सलाईननंतर वर्षभर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालूच ठेवावे लागते. अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला साधारण १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध परवडत नाही म्हणून हात टेकायचे कारण नाही. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी आहेच. आणि आपल्या घरातला सुकट, जवळा, बारीक मासळी! ज्या वासाला एके काळी नाके मुरडली गेली, त्या सुकटीत कॅल्शियम भरपूर आहे, कारण ती काट्यासकट, सालीसकट पोटात जाते. ब्लडप्रेशर असेल तर नीट धुऊन मीठ काढा, एवढेच.

दात, मिश्री आणि ऐकीव गोष्टी

या सलाईनने जबडा सडतो, असे एकीने ऐकले होते. ही गोष्ट पूर्ण खोटी नाही आणि आपल्या उपयोगाची तितकीशी नाही. कर्करोग हाडात पसरलेल्या रुग्णांना हेच औषध ४ मिलिग्रॅमच्या मात्रेत दर तीन-चार आठवड्यांनी देतात. त्यांच्यात जबड्याचे हाड उघडे पडून न भरण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. वर्षातून एकदाच्या मात्रेत ते वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक इतके कमी आहे. तरी आपल्याकडे एक भर पडते ती मिश्रीची. मिश्रीने हिरड्या सोडलेल्या, किडके दात तसेच राहिलेले. दात काढल्यावरची जखम हीच जबड्याच्या त्रासाची नेहमीची सुरुवात असते. म्हणून हलणारा, पू धरलेला दात असेल तर तो सलाईनच्या आधी काढून घ्यायचा, जखम भरू द्यायची. नंतर दात काढायची वेळ आलीच तर दातांच्या डॉक्टरांना सलाईनची तारीख सांगायची. मिश्री सोडली तर हाडांनाही फायदा आहे. तंबाखू हाडे झिजवते.

दुर्मीळ पण ओळखता आल्या पाहिजेत अशा आणखी काही गोष्टी आहेत. सलाईननंतर काही दिवसांत डोळा लाल होऊन दुखला, अंधुक दिसू लागले, तर घरातले जुने थेंब न घालता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. औषध अनेक वर्षे चालू असलेल्या एखादीला मांडीत किंवा जांघेत आठवड्यामागून आठवडे दुखत राहते. मांडीच्या हाडाला तडा जात असल्याची ती खूण असू शकते, एक्स-रे काढावा. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण पहिल्या अभ्यासात थोडे जास्त दिसले होते, खुब्याच्या रुग्णांच्या अभ्यासात दिसले नाही. ठोक्यांचा आजार असेल तर सांगून ठेवावे. गरोदर बाईला, किंवा पुढे मूल हवे असलेल्या मुलीला, हे औषध नको.

४ आणि ५ मिलिग्रॅमचा फरक बिलावरही बघा. ठिसूळ हाडांसाठी वर दिलेले सगळे आकडे ५ च्या मात्रेचे आहेत. बाटलीवर ४ असेल तर घाबरू नका, पण का, हे विचारा. घरात कोणाला कर्करोगासाठी हे औषध आधीच चालू असेल तर हाडांच्या डॉक्टरांना ते माहीत असलेच पाहिजे. नावे वेगळी, औषध एकच, आणि दोन्हीकडून मिळाले तर मात्रा दुप्पट.

डेनोसुमॅब नावाचे दुसरे इंजेक्शन आहे. ६० मिलिग्रॅम, कातडीखाली, दर सहा महिन्यांनी. मूत्रपिंड थकलेल्यांना त्याचा विचार करतात, तिथेही कॅल्शियमवर लक्ष ठेवावेच लागते. पण ते मध्येच थांबवले तर हाडे झपाट्याने झिजतात आणि एकामागून एक मणके दबू शकतात. झोलेड्रॉनिक ॲसिडची तारीख महिना-दोन महिने पुढे गेली तर असे होत नाही. ज्या घरात पैशांची सोय महिन्याच्या महिन्याला बदलते, तिथे दर सहा महिन्यांचे इंजेक्शन सुरू करण्याआधीच पुढच्या मात्रांचे काय, हे डॉक्टरांशी बोलून घ्यायला हवे. झोलेड्रॉनिकसुद्धा जन्मभर नसते. साधारण तीन वर्षांनी, धोका जास्त असेल तर सहा वर्षांनी, थांबायचे का याचा विचार करतात.

आणि मुळात ती गरजेची आहे का? कंबर दुखते म्हणून ही सलाईन घ्यायची नसते. शिबिरात टाचेला मशीन लावून हाडे कमजोर असल्याची चिठ्ठी हातात देतात; तेवढ्यावर निदान होत नाही. खुबा आणि मणक्याची डेक्सा तपासणी लागते आणि तिचा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली असावा लागतो, नाहीतर किरकोळ पडण्याने खुबा वा मणका मोडलेला असावा लागतो. ज्यांना आठवड्याची अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी झेपते, म्हणजे सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास न आडवे होता राहता येते, त्यांचे त्या गोळीवर भागू शकते. पित्ताचा त्रास असलेल्या, बसता न येणाऱ्या, गोळी विसरणाऱ्या बायकांना सलाईन सोयीची.

काही जणींनी मात्र पन्नाशीतच तपासणी मागावी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. आपल्या वस्त्यांतही तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका कमी नाहीत. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली असतील तर पाळी जाण्याच्या वयाआधीच हाडे झिजायला लागतात. त्या वेळी नेमके काय काढले, हे अनेकींना कोणी सांगितलेलेच नसते. जुना डिस्चार्ज कागद शोधून काढा. सांधेदुखीवर नाव नसलेल्या पुड्या वर्षानुवर्षे खाल्लेल्यांनीही तपासून घ्यावे, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते आणि ते हाडे पोखरते.

खर्चाचे म्हणाल तर हे औषध अनेक कंपन्या बनवतात आणि किमतीत मोठा फरक असतो. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रासह दोन-तीन ठिकाणी विचारा. सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागातही चौकशी करा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. तिथे गेल्यावर वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. हा हक्क आहे, मान खाली घालून मागायचे काही कारण नाही.

सलाईन झाल्यावर बाटलीवरचे लेबल किंवा त्याचा मोबाइलवर फोटो, मात्रा, तारीख आणि त्या आधीचे क्रिएटिनिन एका वहीत नोंदवा. पुढच्या वर्षीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि तिच्या पंधरा दिवस आधी रक्त तपासायला जायचे, हेही तिथेच लिहा.